आषाढातले पांढरे बगळे

मास्तर, काल तुमचं तेरावं झालं. भात जरा गिचका झाला होता आणि काकूंना त्याचंच फार लागलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, रेशनचा तांदूळ जिवंत माणसाची भीड धरत नाही, मेलेल्याची काय धरणार. तुमच्या आवाजात ते माझ्या कानात वाजलं आणि मला भर पंक्तीत हसू फुटलं. मी ठसका लागल्याचं सोंग केलं. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर अशा थापट्या मारल्या की खरंच ठसका लागला.

आज सुट्टी घेतली आणि लिहायला बसलोय. चौथीतून पळालेला माणूस एवढं लांबण लावतोय, याला जबाबदार तुम्हीच. शिवाय एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगितल्याशिवाय मला रंगखात्यात हात चालवता यायचा नाही.

आपली पहिली गाठ तुम्ही लोकांना नेहमी चुकीची सांगायचात. म्हणायचात, सोपान आपणहून पुढं आला. मास्तर, मी जन्मात कधी आपणहून पुढं आलेलो नाही. चौथीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळा सोडली ती साहेब काय विचारतील या भीतीनं. सांगोल्याकडनं निघालो तो थोरल्या भावानं गाडीत कोंबलं म्हणून. कळव्याच्या रंगखान्यात चिकटलो ते, मुकादमानं काम करणार का विचारलं तेव्हा नाही म्हणायचा धीर झाला नाही म्हणून. त्या दिवशी पहिली पाळी सुटली होती आणि मी मान खाली घालून खाडीच्या बांधावरनं खोलीकडं चाललो होतो. बांधावर स्टूल, स्टुलावर तुम्ही, डोक्यावर उघडी छत्री, तीही कोरड्या फाल्गुनात. माझ्याकडं न बघताच तुम्ही म्हणालात, "अहो, तुम्ही. समोर पाण्यात काय बसलंय?"

मला वाटलं, परीक्षा इथवर पाठलाग करत आली. म्हटलं, "चिखल."

"चिखल बसत नाही. नीट बघा."

मी बघितलं तर चिखलाला चोच होती. तेवढ्यात चिखल उडाला आणि उडता उडता पांढराशुभ्र झाला. मी घाबरून जसं दिसलं तसं सांगून टाकलं. एक मातकट पाखरू बसलेलं होतं, ते नाहीसं झालं, आणि त्याच जागेवरनं एक पांढरं उडालं. म्हणजे दोन.

तुम्ही छत्री मिटलीत आणि पोट धरून हसलात. एकच आहे, ढोकरी, असं सांगितलंत. बसली की मातीची, कारण पांढरे पंख मिटलेले असतात. उडाली की दुधाची. मी ओशाळून निघणार तोच तुम्ही म्हणालात, "पण दिसलं ते तसंच सांगितलंत, हे फार चांगलं. बाकी लोक मला खूश करायला बघतात."

हे वाक्य मी पुढं किती वेळा गिळलं ते तुम्हाला ठाऊक नाही.

तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे मला दुसऱ्या रविवारी कळलं. डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकला नाही, पिकला की काढू. तुम्ही ते आढीतल्या आंब्यासारखं सांगायचात. कान मात्र तारेच्या कचेरीत तीस वर्षं कडकट्ट ऐकून असे तयार झाले होते की झाडावरचा पक्षी न बघता ओळखायचात. तांबट पक्ष्याला तुम्ही नवशिका सिग्नलर म्हणायचात. दिवसभर एकच अक्षर मारतो आणि पलीकडून पोच येत नाही. दयाळाला हेड ऑफिस म्हणायचात, कारण बोलतो पुष्कळ आणि गोड. पण खाडीवरचे पक्षी बहुतेक मुके. तिथं डोळे लागायचे. ते माझ्याकडं होते, आणि रविवारी त्यांना दुसरं काम नव्हतं.

तुम्ही शिकवायची रीतही तारेतलीच. आधी आकार, मग चोच, मग पाय. रंग सगळ्यात शेवटी, कारण रंग फसवतो. रंगखात्यातल्या माणसाला हे सांगायला नको होतं, माझी नखं तेव्हाही निळी होती. आणि वही. मी लिहायचं, तुम्ही सांगायचं नाही. जे दिसलं तेच लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही, गिरगटणं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. तारेच्या कचेरीत चूक लपवणं हा चुकीपेक्षा मोठा गुन्हा असतो, असं तुम्ही म्हणायचात. माझ्या पहिल्या पानावर इतक्या रेघा होत्या की काकूंनी विचारलं, हे पाखरांचं आहे की शिवणाचं.

कावळ्याची गोष्ट तर तुम्ही दूधवाल्यालाही सांगितली होतीत. काळा, मान राखाडी, चोच जाड, चाल ऐटीत, असं मी सांगत गेलो आणि तुम्ही स्टुलावर पुढं पुढं सरकत प्रश्न विचारत गेलात. शेवटी म्हणालात, "सोपाना, हा कावळा आहे."

"व्हय मास्तर. मला बी तसंच वाटलं. पण तुम्ही एवढं विचाराय लागला, मग म्हटलं दुसरं काय तरी आसंल."

हा माझा स्वभाव. मोठा माणूस दोनदा विचारू लागला की मला कावळ्याचीही खात्री राहत नाही. पुढचं सगळं रामायण त्यातनंच झालं.

आता मुद्द्याचं सांगतो. गेल्या साली, आपल्या पहिल्याच पावसाळ्यात, मृगाच्या तोंडाशी आमच्या खात्यात केशरी रंगाचा मोठा हौद भरला होता. मला निळ्याच्या हौदाचं बूच काढायला सांगितलं होतं. मी केशरीचं काढलं. अख्खा हौद नाल्यात गेला आणि नाला जातो तुमच्या बांधापलीकडच्या भातखाचरांत. मुकादम दुसऱ्या टोकाला होता. त्यानं येऊन बघितलं, हौदाला भेग असणार असं स्वतःच ठरवलं आणि गवंडी बोलावला. मी गप्प बसलो. गवंड्यानं सबंध दिवस भेग शोधली. शेवटी बिचाऱ्यानं एक चांगली जागा बघून बुजवली.

चार दिवसांनी पाऊस लागला आणि त्या रविवारी मी खाचरांकडं बघितलं. म्हशींच्या पायांत बगळे फिरत होते. त्यांची डोकी केशरी होती. माना केशरी. पाठीवर केशरी. मला वाटलं, मास्तर, हा आमचाच हौद.

तुम्ही म्हणाल, गावाकडं बगळे नव्हते का. होते की. पण आमच्याकडं पावसाच्या दिवसांत माणूस आभाळाकडं बघतो, बगळ्याकडं कोण बघतो. मी उभ्या उभ्या सगळा हिशेब जुळवला. डोकं पाण्यात घालून किडे खातात, म्हणून डोकं. पाठीला कसा लागला? आंघोळ केली असणार. आणि सर्वांत वाईट म्हणजे रंग बसला होता सुरेख. एकसारखा, कुठं डाग नाही, कडा मऊ. वर धो धो पाऊस पडत होता तरी उतरत नव्हता. आमच्या खात्यात इतका पक्का रंग लोकरीवर कधी बसला नव्हता. त्या भीतीतही मला क्षणभर वाटलं, हे मुकादमाला दाखवायला पाहिजे.

तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "गायबगळे आले का रे? रंग कसा आहे?"

तुम्ही दर पक्ष्याचं विचारायचात तसंच विचारलंत. पण मला वाटलं, कुणी तरी कागाळी केली. म्हटलं, "पांढरे."

"डोकं बघ नीट. पिवळसर, केशरी काही?"

केशरी हा शब्द तुमच्या तोंडून आला आणि माझी खात्री झाली की तुम्हाला सगळं कळलंय, फक्त माझ्याकडनं वदवून घ्यायचंय. म्हटलं, "छ्या. दुधासारखे पांढरे."

तुम्ही हळूच म्हणालात, आश्चर्य आहे.

सबंध आषाढ आणि श्रावण दर रविवारी हेच. तुम्ही जास्त जास्त बारीक विचारायचात, मी जास्त जास्त पांढरं सांगायचो. शेवटी शेवटी चुना, कापूस, खडीसाखर सगळं संपलं. वहीत माझ्याच अक्षरात ओळीनं उभं राहिलं: गायबगळे, पांढरे. गायबगळे, पांढरे. आणि तुमचा चेहरा मात्र उजळत चालला होता. मला वाटायचं, आपली फजिती बघून मास्तर मजा घेतात.

मग कार्तिकात वकीलसाहेब आले. तुमचे ठाण्याचे तीस वर्षांचे दोस्त, एरवी महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठरून येणारे. तेही पक्षीवाले, पण डोळे शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. पावसाळाभर त्यांचे गुडघे धरलेले होते, म्हणून पूल ओलांडून येणं झालं नव्हतं. काकूंनी त्यांच्यासाठी थालीपीठ लावलं होतं आणि मी ताटली घेऊन उंबऱ्यात उभा होतो. त्यांनी वही चाळली आणि मोठ्यानं हसले.

"तारमास्तर, तुमचा साक्षीदार आंधळा आहे. आषाढात गायबगळे पांढरे? विणीच्या दिवसांत ते केशरी होतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. माझ्या तळ्यावर सगळे केशरी होते."

मास्तर, त्या एका वाक्यात मी सुटलो आणि अडकलो. रंग माझ्या हौदाचा नव्हता, बगळ्यांचा स्वतःचा होता. देवानं दिलेला, म्हणून तर उतरत नव्हता. माझ्या डोक्यावरनं डोंगर उतरला. आणि तो पुरता खाली पोचायच्या आत तुम्ही बोललात.

"होतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच ही वही महत्त्वाची. यंदा कळव्याचे झाले नाहीत."

"खाडीच्या त्या काठाला केशरी आणि या काठाला पांढरे? बगळ्यांना काय जकातनाका आहे?"

तुम्ही मिठागरांच्या खाऱ्या वाऱ्याबद्दल काही सांगू लागलात. वकीलसाहेबांनी थालीपिठाचा तुकडा मोडला आणि म्हणाले, वाऱ्याचं राहू द्या, आधी या पोराचे डोळे तपासून घ्या. तेव्हा तुम्ही ताठ बसलात. तुमचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

"माझ्या डोळ्यांबद्दल हवं ते बोला. सोपानाच्या डोळ्यांबद्दल या घरात बोलायचं नाही."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं, मास्तर. वर्गात नाही, घरात नाही, खात्यात तर नाहीच. ते ऐकलं आणि मला ते अजून थोडं राहू द्यावंसं वाटलं. एवढंच. वकीलसाहेब थालीपीठ अर्धं टाकून उठले. काकू म्हणाल्या, अहो, बगळ्यांपायी कुणी अन्न टाकतं का. त्यांनी टाकलं.

त्यानंतर त्यांची फक्त कार्डं यायची. मीच वाचून दाखवायचो. एकावर एवढंच होतं: "आज तळ्यावर कावळे काळे आढळले. आपल्या साक्षीदाराकडून खात्री करून घ्यावी." तुम्ही ते पुन्हा वाचायला लावलंत आणि म्हणालात, अक्षर बिघडलेलं असणार त्याचं, गुडघ्यांबरोबर हातही गेले वाटतं. पण कार्ड उशीखाली ठेवलंत. तुम्हाला त्यांची आठवण यायची. महिन्याचा शेवटचा रविवार आला की काकू सवयीनं चहाचं एक आधण जास्त टाकायच्या.

त्या थंडीत तुम्ही लेख लिहायला काढलात. म्हणजे तुम्ही सांगायचं आणि मी लिहायचं. मथळा होता "कळवे येथील गायबगळ्यांतील वर्णाभाव". चारदा सुवाच्य प्रत काढली. माझं जोडाक्षर सुधारलं ते त्या लेखात. आज आईला मी स्वतः पत्र लिहितो, कुणाच्या दारात कार्ड घेऊन उभा राहत नाही, ते कशाच्या जोरावर? त्या खोट्या लेखाच्या. हे कुठं मांडायचं ते मला कळत नाही.

दोनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा बांधावर म्हटलं, मास्तर, एक बोलायचं होतं. तुम्ही म्हणालात, बोल, पण आधी सांग ते काय बसलंय. बघितलं तर शेकाट्या, लाल काड्यांसारखे पाय. तुम्ही तीन वर्षांत शेकाट्याची नोंद नव्हती म्हणून इतके आनंदलात की माझा धीर त्याच्याबरोबर उडून गेला. दुसऱ्या वेळी डॉक्टरकडं जाताना टांग्यात सुरुवात केली, तर तुम्हीच म्हणालात की मोतीबिंदू पिकत आलाय, डोळे आले की पहिले बगळे बघणार. त्या संध्याकाळी मी देवळात जाऊन काय मागितलं माहीत आहे? मोतीबिंदू पिकू नये असं. दुसऱ्या दिवशी इतकी लाज वाटली की पुन्हा गेलो आणि मागणं परत घेतलं. पुजारी बघतच राहिला. एकाच गाऱ्हाण्याला दोन नारळ.

तुम्ही लेख पाठवला नाहीत. एका वर्षाचा पुरावा पुरत नाही, म्हणालात. "येऊ दे पाऊस. वकिलाला याच बांधावर उभा करतो." मीही पावसावरच टेकलो होतो. ठरवलं होतं, यंदा केशरी आहेत म्हणून सांगायचं आणि त्याच श्वासात मागचंही सांगायचं. पण तुम्हाला वैशाखात ताप आला. पाचव्या दिवशी तुम्ही पडल्या पडल्या खाटेच्या कडेवर बोटानं टकटक करत होतात. बाहेर तांबट ओरडत होता. तुम्ही त्याला पोच देत होतात. मग विचारलंत, पाऊस कुठवर आला? म्हटलं, यायचाय अजून.

"यंदा नीट बघ हां," एवढं म्हणालात.

त्याचा अर्थ काय, ते मी गेले तेरा दिवस उलटसुलट करून बघतोय. तुम्हाला कळलं होतं का? मी वहीचं पान न् पान उलटलं, कुठं तुमच्या बोटाची खूण, कुठं समासात काही. काही नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, एवढंच त्या वहीत आहे.

काल वकीलसाहेब आले. पूल चालत आले, गुडघ्यांसकट. जेवण झाल्यावर काकूंनी वह्या पुढं ठेवल्या आणि म्हणाल्या, ह्यांनी सांगून ठेवलं होतं, या तुमच्याकडं द्यायच्या, मुंबईच्या पक्षीवाल्या संस्थेला पाठवायला. ते न उघडताच पिशवीत घालू लागले. मी म्हटलं, साहेब, एक वही जरा द्या. टाक दौतीत बुडवला. पहिला थेंब सतरंजीवर पडला. मग आषाढाच्या पहिल्या नोंदीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. दुसऱ्या नोंदीवर. श्रावण संपेपर्यंत. सगळ्या मिळून नऊ रेघा. शेजारी लिहिलं: "ही नोंद खोटी. बगळे केशरी होते. मी भ्यालो होतो." आणि सही.

वकीलसाहेबांनी चष्मा लावला, वाचलं, आणि विचारलं, "भ्यालास कशाला?"

मी हौद, बूच, गवंडी, सगळं सांगितलं. ते उलटतपासणीला बसल्यासारखे ऐकत होते.

"म्हणजे तुला वाटलं, ते तू रंगवलेस."

"व्हय."

"रंग कसा बसला होता?"

"एकसारखा, साहेब. पावसानं बी उतरला न्हाई."

त्यांचा चेहरा आधी वाकडा झाला. मग ते जे हसायला लागले, ते तेराव्याच्या घरात कुणी हसू नये तसं. काकू पदर खोचत बाहेर आल्या. बघतात तर वकीलसाहेब चष्मा काढून डोळे पुसतायत, आणि पुसणं हसण्यापेक्षा बराच वेळ चाललं. मग म्हणाले, "तीस वर्षांत या माणसाशी एकदा वाद जिंकलो. आणि ज्याला ऐकवायचं, तो उठून गेला."

मला वाटलं, आता शिव्या देतील. मी तुमची दोस्ती तोडली होती. शेवटचा हिवाळा तुम्ही दोघांनी दोन काठांना काढला, तो माझ्यामुळं. मी तसं म्हणालोही. त्यांनी टाक घेतला आणि माझ्या सहीखाली आपली सही केली, साक्षीदार म्हणून. वर्णाभावाचा लेख मात्र त्यांनी संस्थेच्या पिशवीत घातला नाही. घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. जाताना म्हणाले, महिन्याच्या शेवटच्या रविवारी येईन, काकूंना आधण टाकायला सांग. आणि चालू वही तुझ्याकडंच ठेव, असंही म्हणाले.

आज सकाळी बांधावर गेलो. स्टूल नेलं, पण बसलो नाही. परवाच्या सरीनं खाचरांत पाणी धरलंय. आमचा नाला आज निळा वाहत होता, तरी बगळे निळे झालेले नव्हते, हे आधी बघून घेतलं. मग आकार, मग चोच, मग पाय. रंग शेवटी. मोजले, अकरा. डोकी केशरी, माना केशरी, पाठी केशरी, अगदी तसाच पक्का. पण बांधाच्या टोकाला एक होता तो पांढरा. मी पाणी तुडवत जवळ गेलो. दुसरी जात असेल म्हणून चोच बघितली, पाय बघितले. गायबगळाच. कुठं केशरी ठिपका नाही. बराच वेळ उभा राहिलो, दोन्ही चपला चिखलात गेल्या.

लिहिलं: गायबगळे अकरा. दहा केशरी, एक पांढरा.

मास्तर, तो पांढरा मी तुम्हाला खूश करायला लिहिलेला नाही. तो तिथं होता.